वाकडा माड

पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हा मी
काल रात्री काढलेल्या खेकड्याचे पाय मोजत असते.
नांग्या सोडून नऊ.
एक पुसायला हवा.
दोन पोया, सुटे पैसे, बोटांवर निळी शाई.
पोदेर विचारतो, आयजूय निळें?
मी म्हणते, समुद्राचं पान चालू आहे.
तो मान हलवतो,
जणू समुद्राचं भाडं त्यालाच भरायचंय.

दिवाडीतली ही खोली म्हणजे
क्लॉतिल्दबाईंच्या घराची पाठ.
टेबल शिवणयंत्राचं, यंत्र नसलेलं,
खालचा पायटा मात्र अजून हलतो.
चित्र अडलं की मी तो हलवत बसते.
काही शिवलं जात नाही,
बरं वाटतं एवढंच.

पुण्याहून संपादकांचा निरोप:
खेकडा गोड झालाय, जरा हसवता येईल का?
मी तीन दिवस मानशीच्या कडेला उकिडवी बसून
खेकड्याचं तोंड पाहिलं.
तिथे हसायला जागाच नाही.
शेवटी डोळ्यांचे दांडे थोडे वर केले.
उत्तर आलं: हं, आता हसला.

मग हॉटेलवाल्याचं काम. पैसे तिथेच असतात.
मेनूकार्डावर माड हवा, वाकडा,
गोव्याचा वाटला पाहिजे.
मी वाढले डिचोलीला, खाणीच्या ट्रकांच्या धुळीत.
आमच्या दारचा माड सरळ होता
आणि लाल.
तरी वाकवला.
विजेचं बिल कुठे वाकतं?

त्याच दिवशी पुरसो पाडेली पाडणीला आला.
पाणी प्यायला दाराशी थांबला,
कमरेला कोयती, हातात तांब्या,
आणि चित्राकडे बघतच राहिला.
हाचेर चडपाक जायना, म्हणाला.
वाकडा आहे म्हणून?
न्हय गे. खाचो खंय आसात?

खोडावर मी गोल गोल रेघा मारल्या होत्या,
सुबक, सगळे मारतात तशा.
त्याने पेन्सिल घेतली नाही.
कागदापासून वीतभर लांब बोट धरून
हवेतच दाखवलं: एक डावी, मग उजवी,
मध्ये घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर.
त्याच्या गुडघ्यापर्यंतचं.
मग तो वर गेला.
मी खालून रेखाटत राहिले.
नारळ धपकन पडायचा
आणि दर वेळी रेघ दचकायची.
ती तशीच ठेवली.

हॉटेलवाल्याला खाचा दिसल्याच नाहीत.
पैसे वेळेवर दिले,
म्हणजे बारा दिवस उशिरा.

पैसे आले की महिन्यातून एक दिवस
मी काहीच काढत नाही.
फेरीने रायबंदर, तिथून बस, पणजी.
रंगांची एक नळी. एकच.
कारापूरकरांच्या दुकानात तासभर झाकणं उघडायची,
वास घ्यायचा, परत लावायची;
ते वर्तमानपत्राआडून सगळं बघतात
आणि काही म्हणत नाहीत.
चिऱ्याचा लाल कुठल्याच नळीत नसतो.
तो घरीच जमवायचा:
गेरू, चिमूटभर पिवळा,
आणि ब्रश धुतलेल्या पाण्यातला मळ.
मग गाड्याशी उभ्याने रोस ऑम्लेट,
पाव रश्शात इतका बुडवायचा
की तो हातात तुटावा.

परतताना फेरीतून उतरायचं नाही.
एक खेप जास्तीची, काही कारण नसताना;
पायी माणसाला फुकट आहे.
तिकीटवाला आता ओळखतो,
दोरी सोडताना फक्त भुवई उडवतो.

या महिन्यात पिशवीत पुस्तकही होतं,
सकाळीच टपालाने आलेलं, कोरं,
पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
कठड्याला टेकून उघडलं.
समुद्र छान छापलाय.
खेकडा हसतोय, असं म्हणायला हरकत नाही.
शेजारी स्कूटरवर बसलेली एक मुलगी, गणवेशातली,
वाकून बोट टेकवत मोजायला लागली.
सात. आठ.
मग थांबली, माझ्याकडे बघितलं,
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी पाण्याकडे बघितलं.
पोदेराने तेव्हा भोंपू वाजवला नसता तर.

नव, ती म्हणाली,
आणि बापाला सांगायला वळली.