हे केस उन्हात

‘माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’
असं ठणकावून म्हणायची सोय
टूसॉनमध्ये उरलेली नाही.
इथे सगळंच उन्हात पांढरं होतं:
कुंपण, टपालपेटी, गाडीचं टप,
अंगणात विसरलेली माझी निळी चप्पल.

मी अकोल्याची.
शेहेचाळीस अंशांत स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवलेली.
मला ऊन काय शिकवणार, म्हणाले,
आणि पहिल्याच जूनमध्ये नाकाची साल निघाली
उकडलेल्या बटाट्यासारखी.

दुकानातल्या बाटलीवरची नावं
रसायनशास्त्राच्या पेपरासारखी, बारीक अक्षरांत.
त्या पेपरात मला पस्तीस होते.
म्हणून फिनिक्सच्या शैलाताईंचं ऐकलं:
खोबरेल, मेण, गाजराच्या बियांचं तेल
आणि झिंकची पांढरी पूड, तीन चमचे;
शिगोशीग की सपाट, ते त्या बोलल्या नाहीत.
मंद आचेवर ढवळलं,
मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवलं
(पुढे महिनाभर इडलीबरोबर मेण खाल्लं)
आणि चेहऱ्याला चोपडून आरशासमोर गेले
तर समोर एक गोरी बाई.

एक्कावन्नाव्या वर्षी!
लग्नाच्या वेळी कुमुदकाकूंनी माहितीपत्रकात
‘सावळी’ खोडून ‘निमगोरी’ लिहिलं होतं,
मी दोन दिवस जेवले नव्हते.
आता या म्हणावं, काकू, बघायला,
निमसुद्धा गळून पडलं.
फक्त ओठ हलले की
गालांवर भेगा जात होत्या, पोपडे धरलेल्या भिंतीगत,
आणि भुवयांत पीठ, गिरणीवाल्यासारखं.
तशीच लायब्ररीत जाऊन आले.
कोणी काही बोललं नाही.
इथले लोक फार सभ्य.

केसांसाठी शिकेकाई, रिठा, आवळकाठी, माका,
रात्रभर लोखंडी कढईत भिजवलेलं.
न्हाले. डोळे झोंबले. घरभर
ओल्या सालीचा वास.
चौथ्या रविवारी टब तुंबला.

प्लंबर आला, वेंडेल नावाचा.
तारेने ओढून काढला त्याने
हातभर लांब, काळा, केसाळ चिखल
आणि बादलीत ठेवून नुसता बघत राहिला.
‘बाई, कुठलं जनावर धुता इथे?’
म्हटलं, मलाच.
तो इतका हसला की टोपी पडली,
तेव्हा दिसलं,
डावा कान अर्धाच होता.

तीस वर्षं छपरं घातली, म्हणाला, उघड्या डोक्याने.
आधी तीळ होता, एवढासा.
तिळाचा ताड होतो
हे मला आजवर म्हणीपुरतं माहीत.
माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, हे काय लावलंय?
मी मेण, गाजर, झिंक, सगळं सांगितलं.
त्याने पाना आवळत ऐकलं.
‘आणि किती ऊन अडतं, ते मोजलं कोणी?’
मोजलं नव्हतं.
‘माझी आई लोणी लावायची,’ म्हणाला.
एवढंच.
बिल एकशेचाळीस डॉलर.

बारीक अक्षरांची बाटली आणली मग.
पाठीवर एक तीळ आहे माझ्या, जुनाच, तरी
डॉक्टरची वेळ घेतली; तीन आठवड्यांनंतरची.
शैलाताईंचं मलम टाचांना लावते.
टाचांना ते फार उत्तम आहे, सांगून ठेवते.

शिकेकाई मात्र सोडली नाही.
पहाटे पाचला, मागच्या अंगणात,
लिंबाच्या आळ्याशी ओणवी होऊन तांब्या ओतते.
लिंबाला हे मानवतं की नाही, कोण जाणे,
दोन पानं पिवळी पडलीत,
पण ती आधीपासूनही असतील.

केस पांढरेच आहेत.
उन्हात वाळवते.
पाच मिनिटं, टोपी हातात धरून.