पंधरावं नाव

फेब्रुवारीत ऑटम्वाच्या शाळेत
पुढच्या वर्षीचे विषय निवडलेले कागद
माझ्या खिडकीतून आत येतात,
ओल्या हातमोज्यांच्या वासासकट.
मी ते संगणकात चढवते.
अमेरिकेचा इतिहास, सक्तीचा, कोड चारशे दहा.
शासनव्यवस्था, सक्तीची, अर्धं वर्ष.
अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जगाचा भूगोल, ज्याची त्याची आवड.
मानसशास्त्राचे तीन वर्ग दरवर्षी भरतात.
सोळाव्या वर्षी प्रत्येकाला वाटतं
आता आईचं निदान करता येईल.
आमच्या निहारनेही तेच घेतलंय. असो.

यादीच्या तळाला, चारशे सत्तर:
'आपलं गाव'.
व्हॅन्डरस्लूट सर शिकवतात. पुस्तक नाही.
मुलांना नदीवर नेतात,
पुलाच्या खांबावरच्या पुराच्या खुणा दाखवायला.
डुकराच्या मांसाच्या कारखान्याशी नेतात, पाळी सुटताना,
फाटकातून कोण कोण बाहेर पडतं ते मोजायला.
आणि दफनभूमीत, आडनावं वाचायला.
परीक्षेला प्रश्न एकच:
तुमच्या घरात तुमच्या आधी कोण राहत होतं?

पंधरा मुलं नसली तर वर्ग रद्द.
शुक्रवारी दुपारी चौदा होती.

आमच्या बार्शीला नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्क,
इतिहासाच्या शेपटीला बांधलेले.
जगदाळे बाई मार्च उजाडला की म्हणायच्या,
"हे घरी वाचा गं, सोपंय."
ग्रामपंचायतीचे सदस्य सात ते सतरा,
अजून झोपेतून उठवलं तरी सांगेन.
नगरपालिका शाळेच्या समोरच होती.
तिच्या भिंतीला आम्ही सायकली टेकवायचो.
आत काय चालतं
हे विचारायचं कधी सुचलं नाही, आणि
विचारलं असतं तर
ते अभ्यासक्रमात नव्हतं.

तीन वाजता एल्सन रिकलॉन आला.
त्याची आई कारखान्यात रात्रपाळीला असते,
मार्शल बेटांवरून आलेली.
कागद कोरा.
"जगाच्या भूगोलात आमची बेटं आहेत का?"
मी पुस्तक काढलं. पॅसिफिक दोन पानांवर पसरलेला,
आणि त्याची बेटं नेमकी
शिवणीत गेलेली.
आम्ही दोघांनी तळव्यांनी पानं दाबली.
पुस्तक कुरकुरलं.
एक ठिपका दिसला,
किंवा तो दोऱ्याचा टाका असेल.
"मग हे दुसरं," तो म्हणाला,
आणि चारशे सत्तरवर खूण केली.

पंधरा!
मी फोन लावला.
मुदत बारापर्यंत होती, पलीकडून आवाज आला, नियम आहे.
नियम कोणी केला?
मंडळाने.
मंडळ कुठे भेटतं?
सोमवारी साडेसहाला.
पलीकडे थोडी शांतता, मग नाइलाजाने:
गावात राहणाऱ्या कुणालाही बोलता येतं. तीन मिनिटं.

मी इथली नागरिक नाही,
राहणारी आहे.
हा फरक वीस मार्कांत कुठे होता आठवेना.

सोमवारी दारातल्या वहीत लिहिलं:
वैजयंती उकरंडे. पत्ता. विषय.
विषयाच्या रकान्यात हात अडला,
मग लिहिलं, एक मुलगा.
त्यांनी माझं नाव तीन तुकड्यांत पुकारलं.
मी उठले. माइक माझ्या उंचीपेक्षा वर होता.
बार्शीच्या शाळेत तोंडी परीक्षेला लागायचा
तसाच पाय लटपटायला लागला.
नियम, मुदत, हे सगळं चिठ्ठीवर होतं.
मी सुरुवात केली पुस्तकापासून,
शिवणीपर्यंत पोचले
आणि लाल दिवा लागला.

खाली बसताना मागे पाहिलं.
तिसऱ्या रांगेत व्हॅन्डरस्लूट सर,
ओठ हलवत,
सभेला कोण कोण आलंय ते मोजत होते.