मध्य

निवृत्तीला बावीस दिवस उरले तेव्हा
अब्दुलनबी साहेब म्हणाले,
आपल्या देशाचा मध्य आपण कधी काढलाच नाही.
‘आपल्या’ म्हणताना माझ्याकडे पाहिलं,
मग घाईने खिडकीकडे.

संगणकाने चुटकीसरशी काढला असता.
त्यांना पुठ्ठाच हवा.
मी लबानचं रिकामं खोकं उसवलं,
बहरीनचा किनारा कातरला खाचाखोचांसकट,
फलटणला आई परक्यांच्या चोळ्या बेतायची
तशी, जीभ दातांत धरून.

किनारा कुठला धरू? भरतीचा की ओहोटीचा?
ओहोटीला मुहर्रकमागे देश चिखलात पसरतो,
पोरं त्यावर खेकडे हुडकतात.
भरतीचा, साहेब म्हणाले.
बुडतं ते मोजायचं नाही.

हवारची बेटं लांब पडली. तारेने जोडली.
तारेलाही वजन असतं, मी म्हटलं.
मग बारीक घे.

तीन ठिकाणी भोक, तीनदा टांगणं,
दर वेळी ओळंबा थांबेपर्यंत एसी बंद.
घाम पुसत रेघा मारल्या.
छेदल्या तिथे टाचणी.

तेवढ्यात शिपायाने सांगितलं,
उत्तरेला समुद्रात परवा आणखी भर टाकलीय.
नखाएवढा पुठ्ठा चिकटवला.
ओळंबा हलला.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि जुनीच टाचणी ठेव म्हणाले.

कोरलेला दगड पिकअपमध्ये घालून निघालो.
जीपीएस जिथे गप्प झालं
तिथे कामगारांच्या कॅम्पची मागची भिंत,
एक दोरी, दोरीवर तीन लुंग्या,
खाली बादली घेऊन सिलहटचा मोफिज.

त्याला मी हिंदीत समजावलं:
तू उभा आहेस ना, हा या देशाचा बरोब्बर मध्य.
त्याने पायाखाली पाहिलं. साबणाचं पाणी होतं.
म्हणजे इथून सगळं सारखंच लांब?

नाही, साहेब म्हणाले, त्यांना हिशोबात चूक चालत नाही,
तसं नसतं ते.
इथे बोट टेकवून उचलला
तर देश कलंडत नाही. एवढंच.

मोफिज थोडा वेळ विचारात पडला.
मग, आमचं चुकू नये म्हणून असेल,
बादली हातभर बाजूला सरकवली
आणि दगड कुठे ठेवायचा विचारलं.

साहेब म्हणाले, राहू दे गाडीतच.
आधी कपडे वाळू देत.