दोन सेकंदांची शिल्लक

कोरडेमामांच्या माळ्यावर, प्लायवुडवर,
अख्खं घोसीपुरा स्टेशन.
इंजिन बोटभर. आवाज मात्र खरा,
छोटी लाइन बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात
मामांनी स्वतः केबिनमध्ये टेप केलेला.

सांध्याशी आलं की त्याची बोबडी वळते.
रूळ रुळाला ओलांडतो तिथे नखाएवढं प्लास्टिक,
तेवढ्यात धडधड तुटते
आणि पुन्हा पहिल्यापासून:
खोकणं, घरघर, निघू का नको.
"दर फेरीला मरतो," मामा म्हणतात,
"आणि दर फेरीला नव्याने नोकरीला लागतो."

मी पाटणकर बाजारात श्रवणयंत्रं दुरुस्त करते.
बारीक तारांची सवय आहे.
आधी स्पिरिट आणि जुन्या धोतराची चिंधी,
चाकांवरून काजळी निघाली, बोटं काळी झाली.
सँडपेपर नाही. ओरखड्यांतच मळ मुक्काम करतो.
मागच्या बोगीलाही पितळी पात्या टेकवल्या.
मग जिथे मामा एकतीस वर्षं बसले
त्या केबिनीत
हरभऱ्याएवढे तीन कॅपॅसिटर.
"उलटे लावलेस तर फुटतील,"
हे त्यांनी चारदा सांगितलं.

आठव्या फेरीला लश्करची लाइट गेली.
पंखा, ट्यूब, खालच्यांची मालिका, सगळं गप्प.
अंधारात ते एकटंच
सांधा ओलांडून वाजत गेलं,
दोन सेकंद, फार तर अडीच.

"पोचलं का हो?"

"मोतीझीलच्या अलीकडे उभं आहे,"
मामा म्हणाले. "सिग्नल नाही."