रीडिंग : रास सुवैद

दर महिन्याच्या नऊ तारखेला जातो.
डांबर चौदा किलोमीटर आधीच संपतं,
पुढे खारी पापडी आणि तिच्याखाली चिखल.
चाकोरी सुटली की गाडी दोन दिवस तिथेच.

गाव जिभेसारखं समुद्रात शिरलेलं.
तिन्ही बाजूंना पाणी, प्यायला एक विहीर,
तीही सत्तरच्या सुमारास खारावली.
भिंती प्रवाळाच्या, हात फिरवला तर शंख लागतात.
वासे आफ्रिकेतले, सगळे एकाच लांबीचे,
म्हणून गावातली प्रत्येक खोली तेवढीच रुंद.
कुठल्याशा खाडीतल्या झाडाने
श्रीमंताला आणि पाणबुड्याला एकच माप दिलं.

एकतीस मीटर. तीस बंद.
तरी नोंदवायचे असतात :
शाळा शून्य. मशीद शून्य.
नाखवाच्या घरी शून्य, दाराला मात्र मलबारचा साग,
अजून कुरकुरतो.

एकोणिसावा फिरतो.
मतर बिन उबैद. मतर म्हणजे पाऊस, त्यानेच सांगितलं,
आणि स्वतःच हसला.
एक फ्रिज, एक दिवा, शेळ्या अकरा.
बाप नाकाला चिमटा लावून बुडी मारायचा,
पायाला दगड, कमरेला दोर.
मोती मुंबईला जायचे, रुपये इकडे यायचे,
डबीत दोन आहेत अजून, मला दाखवतो
जणू माझेच होते.
मग जपान्यांनी शिंपल्यात मोती पेरले.
इथे कर्ज उरलं.
मग तेल निघालं, सरकारने हमरस्त्याला घरं दिली, नळ दिले,
आठवड्यात गाव ट्रकांवर चढलं.
तो का नाही गेला?
"शेळ्यांना विचार," म्हणाला.

गेल्या महिन्यात सातवा मीटर
दोन युनिटांनी पुढे.
सातवं घर त्याच्या बहिणीचं, मौझाचं.
ती हमरस्त्याला गेली, तिथेच वारली.
वायर जोडून एक बल्ब लावला होता त्याने,
रात्रभर.
"अंधाराची सवय लागते घराला."

ऑफिसात संगणकाने लाल खूण केली :
निर्जन घर, वापर दिसतो. कारण?
रकाना रिकामा सोडता येत नाही.
आमच्या गुहागरला रात्री मुक्काम करणाऱ्या एसटीला
वस्तीची गाडी म्हणतात. सकाळी निघून जाते.
तिथल्या आमच्या मीटरचं रीडिंग
सहा वर्षं कोण घेतं, कोण जाणे.

लिहिलं : वस्ती.
केरळचा बाबू म्हणाला, हे काय?
म्हटलं, स्पेलिंग बरोबर आहे.