शेरा

तार्तूच्या तळघरात मारिका
तबकडी ब्रशने झाडते, मग तोलते तळहातावर:
दहा इंची, लाखेची, कडेला टवका.
लेबल नाही. नखांनी खरवडलेलं.

"आईनं," एवाल्ड म्हणतो, "एका रात्रीत सगळी नावं काढली.
गाणाऱ्याला उचलून नेलं होतं.
तबकड्या मात्र फोडवेनात तिला."

सुई टेकते. आधी नुसतं तळणीचं चरचरणं,
मग आवाज, आणि दुसऱ्या कडव्याआधी
कुणाचा तरी दबका खोकला.

एवाल्डचे ओठ हलतात, गाण्याच्या एक शब्द पुढे.

मारिका लिहिते: गायक, कोरं.
साचा क्रमांक, पुसट.
शेरा: खोकला आहे.

नाव त्याला ठाऊक असणार.
ती विचारत नाही,
पेन्सिलीला उगाच टोक काढत बसते.