रिकामी फेरी

आपांच्या वहीत रिकाम्या फेऱ्यांचाही हिशेब आहे.
सकाळी सहा दहा. जाताना कोणी नाही. येताना कोणी नाही.
सहा चाळीस. जाताना कोणी नाही. येताना
बाबल कुबलाची सून, एक कोंबडा.
कोंबड्याचं तिकीट घेतलं नाही, हेही लिहिलंय.
सव्वीस वर्षांच्या एकोणीस वह्या,
पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून.

चार मैलांवर पूल झाला, माणसं पुलावरून जाऊ लागली.
आपा सहा दहालाच निघत राहिले.
होडी पलतडीला टेकवायची,
एक विडी संपेपर्यंत थांबायचं, परतायचं.
रिकामी कशाला न्यायची, मी विचारलं होतं, दहावीत असताना.
"माणूस येवच्या आदी तर थंय असूक व्हयी."
एवढंच. पुढे वल्ह्याचा आवाज.

मी वल्हं माळ्यावर टाकलं, इंजिन बसवलं.
धक्क्यावर पाटी लावली:
फोन करा, दहा मिनिटांत येतो. खाली नंबर.
आपांनी आकड्यांवरून बोट फिरवत पाटी वाचली,
रंग निघतो का बघावा तशी.
"आणि जेच्याकडे फोन नाय, तेनी काय करूचा?"
"आता कोणाकडे नाही?"
"माझ्याकडे."

मी आठला उठतो. हे घरात रोज नव्याने कळतं.
आधी भांडी, मग आपांचा खोकला,
मग कोणालाच न उद्देशून, "सायेब उठले."
तोवर अंथरुणातच तीन बुकिंग घेतलेली असतात:
डॉल्फिन, कांदळवनातले पक्षी,
संध्याकाळी खाडीत फक्त फोटो काढायला पुण्याचं एक जोडपं.
निम्म्या वेळात त्यांच्या दुप्पट. आकडा सांगितला एकदा.
"बरा आसा," आपा म्हणाले. "पण काम कदी केलंस?"

काटा घशात अडकावा तसा तो प्रश्न महिनाभर.
भात गिळून गेला नाही.
मग एका रात्री बोललो, नको ते.
की तुमची तर सातला बंद. साखळी, कुलूप.
की शहाण्णव साली पलतडीवरून हाक आली होती,
होऽऽ, होऽऽ, सगळ्या वाडीने ऐकली
आणि तुम्ही कूस बदललीत.
की मला रात्री दोनला फोन येतो आणि मी जातो.
अकरा वेळा गेलो. दोन बाळंतिणी, एक सर्पदंश,
बाकीचे नुसतेच उशीर झालेले.
कुठल्या वहीत लिहिलं नाही.

आपा उठून पडवीत गेले. दिवा घालवला.

ऑक्टोबरातल्या वादळात टॉवर पडला.
दोन दिवस रेंज नाही. माझी पाटी नुसती पाटी.
तिसऱ्या दिवशी सहाला जाग आली, कोणी उठवलं नव्हतं.
इंजिनात पाणी गेलेलं. वल्हं काढलं.
मुठीवर आपांच्या हाताचा खळगा,
माझा हात त्यात बसेना, थोडं पुढे धरलं.
पलतडीला कोणी नव्हतं.
एक कुत्रा होता, तो जागचा हलला नाही.
किती थांबायचं ते कळेना. विडी मी ओढत नाही.

परतलो तर आपा धक्क्यावर.
नवी वही नव्हती म्हणे,
जुन्यातल्या एकीला मागे कोरी पानं होती, ती आणलेली.
"कोण होता?"
"कोणी नाही."
"लिव."

कोरं पान शोधताना ते पान लागलं.
शेवटची फेरी सात. माणसं दोन.
आणि खाली, ओळी संपल्यावर, वेगळ्या शाईत:
रात्री साडेअकरा. हाक ऐकली. गेलो नाही.

मी वर बघितलं. ते पलतडीकडे बघत होते.
मागे गेलो, तारीख घालायला घेतली. पेन चालेना.
त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं,
तळव्यावर दोनदा घासलं,
परत दिलं.